भोंग्याकडे जायचं कसं

३ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. नेहमीचेच आहेत, नवीन काही निघालेले नाहीत.

लिहिणारी तुझी आई आहे. म्हणजे मी बोलेन ते सगळं आधी तिच्या कानावरून जाणार, आणि तिच्याबद्दल काही म्हणायचं झालं की ती पेन थांबवून माझ्याकडे बघणार. उभा जन्म अक्षरांवाचून निभावला, त्याचं दुखणं काय ते एवढंच. सुनेची तक्रारसुद्धा सुनेलाच सांगावी लागते.

तुझं पत्र आलं. तुझ्या आईने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या खेपेला तिने मधली एक ओळ गाळली, पण तोवर पहिली खेप माझी पाठ झाली होती. माझ्या धाकट्या बहिणीच्या गळ्यातली गाठ वाईट आहे. चोवीस तारखेला ऑपरेशन. स्वरयंत्र काढून टाकणार. जीव राहील, आवाज जाईल. कळलं.

आता माझं ऐक. तिला सगळा फुलबाजार भोंगा म्हणतो ते उगाच नाही. सकाळी लिलावात ती बोली पुकारायला लागली की पलीकडच्या रस्त्यावर लोक उठून बसायचे. शाळा तिलाही नाही, मलाही नाही. तिने चिठ्ठी लिहायची नाही आणि मी ती वाचायची नाही. फोन म्हणशील, तर कोपऱ्यावरच्या दुकानातल्या त्या डबड्यातून मला खरखरीपलीकडे काही ऐकू येत नाही. आम्हा दोघींमध्ये जे काय आहे ते सगळं तोंडी आहे. म्हणून तिचा आवाज जायच्या आत मला तिथं पोचायचं आहे. यात न समजण्यासारखं काय आहे ते तुझ्या बापाला विचार.

मी म्हटलं, परवा निघते, एकटी. तर तो म्हणाला, "आई, तुला फलाटावरची पाटी वाचता येत नाही." मी म्हटलं, "फलाटावर माणसं असतात आणि माणसांना तोंडं असतात." तर त्याने खिशातून एक रंगीत कागद काढला. ज्येष्ठांची सहल. बाराला निघायचं, सरोवर, धबधबा, गुहा, किल्ला असं करत करत बावीसला तुमच्या गावात. पुढे शिट्टी घेतलेली एक बाई, मागे औषधांची पेटी. "ऑपरेशनच्या आधी पोचशील आणि वर धबधबाही बघशील," म्हणाला. मी आयुष्यभर लाँड्रीत वाफेत उभी राहिले. मला आणखी पाणी उडताना बघायची हौस नाही.

(त्यांचं खरं आहे. पण त्यांना एकटं सोडायची माझीही छाती होत नाही. — आई)

काय खरडलंस ते वाच, असं मी आत्ता म्हटलं. ती म्हणते, तारीख घातली. तारीख एवढी लांब नसते.

तू माझ्या बाजूने बापाला चार शब्द लिही. तुझं ऐकतो तो.

तुझी,
आजी


७ मार्च

प्रिय आजी,

आई, हे जसंच्या तसं वाच.

मी बाबांच्या बाजूने आहे. घे, रागाव. गेल्या वर्षी तू लग्नाला म्हणून एकटी गेलीस आणि भलत्याच लग्नात जेवून, भलत्याच नवरीला आशीर्वाद देऊन, वर मुलाच्या काकाशी भांडून परत आलीस. ते आपल्याच गावात होतं. इकडे यायला बस, मग बोट, मग आगगाडी. तू कुठे चुकलीस तर आम्हाला कळणारही नाही.

मावशीआजी दिवसभर खुर्चीत बसून असते. आवाज अगदी फाटलाय. डॉक्टरांनी कमी बोला म्हटलं तर हिने बोलणंच बंद केलंय. काही हवं असलं की टेबलावर टिचक्या मारते. मी विचारलं, "असं का गं?" तर कुजबुजली, "साठवतेय. तुझ्या आजीला शिव्या द्यायला पुरला पाहिजे."

तेव्हा ग्रुपबरोबरच ये. बावीसला संध्याकाळी मी बसथांब्यावर उभी असेन. चोवीसपर्यंत तुम्हा दोघींना भांडायला भरपूर वेळ आहे. मी चष्म्याच्या दुकानात रजा सांगितलीये. दोन दिवस लोकांना जुन्याच काचांतून बघू दे.

तुझी,
भिंगरी


१० मार्च

चि. भिंगरी,

बापलेक एक झालात, ठीक आहे. जाते तुमच्या कळपाबरोबर.

काल सगळ्यांची ओळख करून द्यायला बोलावलं होतं. प्रत्येकाला एक पिवळी टोपी दिली. शिट्टीबाई म्हणाली, टोपी काढायची नाही, बसमध्ये सुद्धा, कारण ती टोप्या मोजते. मी विचारलं, "डोकी का नाही मोजत?" म्हणाली, "आजी, डोकी हलतात." अशा बाईच्या हातात तुझ्या बापाने मला दिलंय.

खोलीत माझ्याबरोबर एक मुख्याध्यापिकाबाई आहेत, निवृत्त. वाटेत पत्रं त्या लिहितील. माझ्या बोलण्यातल्या चुका आत्तापासूनच काढतात. हॉटेलांचे पत्ते तुझ्या आईने खाली लिहिलेत. रोज लिही. भोंग्याचं काय चाललंय ते लिही, हवापाण्याचं नको.

आजी


१३ मार्च

प्रिय आजी,

पोचलीस ना सरोवरावर? पाणी फार सुंदर आहे म्हणतात. नावेत बस. इकडे सगळं उत्तम आहे. मावशीआजी मजेत. तुला आशीर्वाद... म्हणजे तू मोठी, तुला नमस्कार सांगितलाय.

घाई अजिबात करू नकोस. धबधबा नीट बघ. लोक तिथं तास तास बसतात. थंडी असेल तर कानाला बांध. बाबांचं पत्र आलं होतं, ते म्हणतात आई खूश आहे. मला फार बरं वाटलं. धबधबा चुकवू नकोस.

तुझी लाडकी,
भिंगरी


१५ मार्च

चि. भिंगरी,

हे मुख्याध्यापिकाबाई लिहीत आहेत, म्हणून अक्षर पाठ्यपुस्तकातल्यासारखं दिसेल. शब्द माझे आहेत.

सरोवर बघितलं. पाणी आहे, दुसरं काय असणार. सकाळी शिट्टी, नाश्ता, शिट्टी, बस. शिट्टी वाजली की आम्ही सगळे उठतो, पुन्हा वाजली की बसतो. एक म्हातारे गृहस्थ काल शिट्टी नसताना उभे राहिले तर बाजूच्याने त्यांना हात धरून खाली बसवलं. मजा नाही असं नाही. सोबत आहे, गप्पा आहेत, बॅग कुणीतरी उचलतं. कुठे जायचं ते कुणालाच ठरवावं लागत नाही. त्याचीच मला धास्ती वाटते. परवा दुपारी मी चक्क विसरले होते की मी कुठे निघालेय.

आता तुझं पत्र. बाईंनी वाचलं आणि मी त्यांना म्हटलं, पुन्हा वाचा. मग मी विचारलं, "यात धबधबा किती वेळा आला?" त्यांनी बोट ठेवून सांगितलं. भिंगरी, तू जन्मात मला 'लाडकी' म्हणून सही केलेली नाहीस. तू मला "म्हातारे, जिवंत आहेस का" असं लिहिणारी पोर. आणि भोंग्याने मला नमस्कार सांगितला? ती मला फक्त टोमणे पाठवते.

कोण कुणाला काय म्हणालंय ते मला कळलंय. तुझ्या बापाने तुला काहीतरी शपथ घातली आहे. मोड ती. सरळ सांग, ती आहे की गेली?

मी इथे टोपी घालून बसले आहे. उद्या धबधब्यावर हलवतात. पत्र जलद डाकेने टाक, तिथल्या हॉटेलवर.

आजी

(मी हे पत्र लिहिताना आजी एकदाही हसल्या नाहीत. आपण लगेच उत्तर द्यावे, अशी विनंती. — मु.)


१६ मार्च

आजी,

आहे. जिवंत आहे.

मी खोटं लिहिलं. बाराला डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. गाठ झपाट्याने वाढतेय, श्वासाची वाट बंद होत चालली आहे. ते म्हणाले, चोवीसपर्यंत थांबता येणार नाही, सतराला करू. मावशीआजीने मान हलवली. नाही. मी हात जोडले. तिने टेबलावर बोटं आपटली आणि शेवटी तोंडाने म्हणाली, "ती आल्याशिवाय मला हात लावायचा नाही."

बाबांना तार केली. त्यांचं उत्तर आलं की आईला सांगू नको, ती घाबरून एकटी निघेल आणि मग तिला शोधत बसू. मला तेव्हा ते पटलं. मला वाटलं, मावशीआजीला समजावता येईल. येत नाही. काल सकाळी तिचा श्वास अडकला. चेहरा निळा झाला, मग उतरला. सावरल्यावर तिने पहिलं काय केलं असेल तर दाराकडे बघितलं.

डॉक्टर म्हणतात वीस तारखेच्या पुढे ते जबाबदारी घेणार नाहीत. श्वास कोंडला तर घाईत गळ्याला भोक पाडावं लागेल आणि या वयात त्यातून ती निभावेलच असं नाही.

ये म्हणायची हिंमत होत नाही. येऊ नको म्हणायची तर मुळीच होत नाही. धबधब्यावरून धक्क्यापर्यंत बस आहे, धक्क्यावरून दोन बोटी सुटतात, त्यातली पलीकडच्या तीरावरच्या स्टेशनची घ्यायची, तिथून रात्रीची गाडी. बाई, कृपा करून हे तिच्याकडून पाठ करून घ्या.

भिंगरी


१८ मार्च

चि. भिंगरी,

हे पत्र धक्क्यावरचा तिकीट कारकून लिहितो आहे. भला माणूस आहे, फक्त सारखा घड्याळाकडे बघतो.

(या आजी तासाभरापासून माझ्या खिडकीशी आहेत. मागे रांग आहे. — कारकून)

तुझं पत्र सकाळी मिळालं. बाईंनी वाचलं आणि वाट पाठ करून घेतली. मी शिट्टीबाईला सरळ जाऊन सांगितलं, मला सोड. ती म्हणाली, कंपनीचा नियम आहे, मुलाची सही लागते. मला तुझ्या बापाने सामान म्हणून चढवलं आहे, पावती दाखवल्याशिवाय उतरवून देत नाहीत. "तार करते," म्हणाली, "उद्यापर्यंत उत्तर येईल." उद्या मला परवडत नव्हता.

मग बाई बोलल्या. या बाईंनी पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलंय. त्यांनी माझी पिवळी टोपी घेतली, बसमध्ये माझ्या जागेवर आपली बॅग उभी केली, तिला शाल पांघरली आणि वर टोपी ठेवली. शिट्टीबाई मोजत आली. "आजी झोपल्या वाटतं?" बाई म्हणाल्या, "हजर." मी हे हॉटेलच्या खांबामागून बघितलं. टोप्या भरल्या, शिट्टी वाजली, बस गेली. माझ्यासकट सगळे मोजले गेले.

धक्क्यापर्यंत नीट आले. आणि इथे चुकले. तुला हसायचं असेल तर हास. मला पाट्या वाचता येत नाहीत म्हणून मी कपडे वाचते. लाँड्रीत गणवेशांच्याच इस्त्र्या केल्या मी. पितळी बटणं, कडक कॉलर म्हणजे सरकारी माणूस, तो वाट सांगणार ती खरी. असा एक गोरागोमटा मनुष्य धक्क्यावर उभा होता, दोन रांगा बटणं, खांद्यावर सोनेरी दोरी. मी विचारलं, "स्टेशनची बोट कुठली?" त्याने एका बोटीकडे हात केला. मी चढले. तोही चढला. बोट मध्यावर गेल्यावर त्याने पिशवीतून कर्णा काढला आणि पुसायला लागला. बॅन्डवाला होता, भिंगरी. त्याने आपली बोट दाखवली होती, माझी नव्हे.

वरच्या अंगाला कुठल्याशा बेटावर उतरले. तिथून एका मालाच्या होडीने याच धक्क्यावर परत आले. तोवर स्टेशनची शेवटची बोट सुटली होती. मी तिचा धूर बघितला.

उद्या सकाळची मिळेल. मग रात्रीची गाडी. म्हणजे वीसच्या सकाळी, जर पुन्हा कुणी बटणवाला भेटला नाही तर. कारकून म्हणतो बायकांच्या प्रतीक्षागृहात झोपा, तो चौकीदाराला सांगेल.

भीती वाटते का म्हणशील. वाटते. त्या बसमध्ये होते तेव्हा भीती सगळ्यांत वाटली जायची, प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर यायची. इथे सगळी माझ्या एकटीच्या पदरात पडली आहे. बापाचं तुझ्या चुकलं नव्हतं. पण मी तिथेच बसले असते तर मीही चुकले नसते आणि भोंगा मेली असती.

हे पत्र कदाचित माझ्या मागून येईल. आलं आणि मी नसले तर निदान कुठवर आले होते ते कळेल.

आजी

(मी स्वतः बोटीत बसवून देईन. — कारकून)


१९ मार्च

आई,

तुमची तार मिळाली. आजी ग्रुपमध्ये नाही, कंपनीला आज सकाळी कळलं, कुणी जाताना बघितलं नाही. बाबांना सांग, शोधत फिरू नका. मी तिला सगळं कळवलं होतं. माझ्यामुळे निघाली आहे. त्यांना मला काय बोलायचं ते नंतर बोलू दे.

काल रात्रीच्या गाडीने ती यायला हवी होती. मी सकाळी स्टेशनवर गेले. सगळे डबे रिकामे होईपर्यंत थांबले. एक म्हातारी पाठमोरी दिसली म्हणून धावले, ती दुसरीच निघाली.

परत आले तर मावशीआजी उठून बसली होती. माझ्या मागे बघितलं. मी म्हटलं, "गाडीला उशीर आहे." तिला कळतं, आई. तिने आयुष्यभर तोंडं बघून बोली पुकारली आहे. तिने टेबलावर एकदा टिचकी मारली आणि डोळे मिटले. श्वास घेताना आता शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरांनी उद्या सकाळी थिएटर लावून ठेवलंय. ती हो म्हणाली तर.

मी तिला अजून सांगितलेलं नाही की आजीचा पत्ता नाही.

भिंगरी


२३ मार्च

चि. बाळ आणि सूनबाई,

आशीर्वाद. भिंगरी लिहिते आहे. तुझं रागाचं पत्र मिळालं. ते तिने वाचून दाखवलं आणि मध्ये दोन ठिकाणी चष्मा पुसला. ती चष्मा लावत नाही.

मी वीसला सकाळी पोचले. भिंगरी फलाटावर होती. तिने मला आधी मिठी मारली, मग हलवलं. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर दारातच उभे. म्हणाले, "अर्धा तास देतो. जास्त नाही."

मला वाटलं होतं ती बोलेल. दिवसचे दिवस साठवलं होतं ना. पण मी आत गेले आणि तिचा तो श्वास कानावर पडला. तिने विचारलं, "एकटी आलीस?" आणि मी सुरू झाले. शिट्टीबाईचं सांगितलं, टोपीचं सांगितलं, मुख्याध्यापिकाबाई 'हजर' कशा म्हणाल्या ते करून दाखवलं. ती मधेमधे म्हणायची, "मग?" आवाज कसला, वाळूवरून कुणी खुर्ची ओढावी तसा. मी पुढे सांगायची. पुन्हा "मग?" भिंगरी दारातून खुणा करत होती, आजी, तिला बोलू दे. मला दिसत होतं. थांबता येईना. थांबले असते तर रडले असते, आणि रडणाऱ्या माणसाला ती दारात उभं करत नाही.

बॅन्डवाल्याच्या बटणांपाशी आले आणि ते तिला न्यायला आले. या वेळी ती गुमान ढकलगाडीवर आडवी झाली. मी शेजारून चालत सांगतच होते. वळणावर त्यांनी मला अडवलं. तिने मान उचलली, म्हणाली, "मग?" आणि दार लागलं.

एवढ्या लांबून तिचा आवाज ऐकायला आले आणि तिला माझाच ऐकवला. लिही भिंगरी, खोडू नकोस.

(आजी इथे उठून खिडकीशी गेली. — भि.)

खिडकीशी नव्हे. पाणी पीत होते.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणतात गाठ सगळी निघाली, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं. गळ्यात नळी आहे. परवा तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि एक भुवई वर केली. मी ओळखलं. बटणांपासून पुढे सांगायला लागले.

काल तुमची सहल आली. शिट्टीबाई दवाखान्यात येऊन माझ्यावर कडाडली, मग भोंग्याकडे बघून एकदम मऊ झाली. म्हणाली, परतीच्या बसमध्ये तुमची जागा आहे, सकाळी चला. मुख्याध्यापिकाबाईंना खोटं बोलल्याबद्दल तिने पुढच्या रांगेत आपल्याशेजारी बसवलंय. बाई खुलल्या आहेत. आज सकाळी बस गेली. मी गेले नाही.

तू विचारतोस, परत कशी येणार, एकटी की कुणाच्या सोबतीने, की मीच न्यायला येऊ. बाळा, ते आत्ता विचारू नकोस. अजून माझं इकडे यायचंच संपलेलं नाही. बेटाचं सांगून झालं, त्या कारकुनाचं झालं, आज गाडीचं आहे. गाडीत काहीसुद्धा घडलं नाही. मी रात्रभर बाकाच्या कडेला बसून होते आणि प्रत्येक स्टेशनाला विचारत होते. पण एवढ्यावर ती भुवई खाली घेणार नाही. तेव्हा आज डब्यात एक चोर चढवते. उद्याचं उद्या बघू.

तुझी,
आई